खुर्चीतला तो कोण होता?

वाचकांचे प्रश्न : विज्ञानपट

या वेळच्या टपालात 'प्रोमिथियस'वरचीच पत्रं जास्त आहेत. रिडली स्कॉटचा 2012 सालचा हा चित्रपट, त्याच्याच 1979 सालच्या 'एलियन'च्या आधीची गोष्ट सांगणारा, म्हणजे प्रीक्वेल. इतकी वर्षं उलटली तरी लोक त्यावर तावातावाने लिहितात, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांनी दोन्ही पाहिलेले नाहीत, त्यांनी मधलं सगळं सोडून शेवटचा प्रश्न आधी वाचावा. मी इथे काहीही राखून ठेवणार नाही.

प्रश्न : 'एलियन' मी शाळेत असताना मोठ्या भावाबरोबर पाहिला. त्या पडक्या यानात, खुर्चीत बसल्या बसल्या मेलेला तो अवाढव्य जीव तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो कोण, कुठून आला, कुठे निघाला होता, यावर मी वह्या भरल्या आहेत. 'प्रोमिथियस'मध्ये त्याचं उत्तर मिळणार म्हणून पहिल्याच दिवशी गेलो. उत्तर मिळालं आणि मी रागाने बाहेर पडलो. मित्र म्हणतात, 'उत्तर नाही दिलं तरी तू चिडणार, दिलं तरी चिडणार.' माझा राग चुकीचा आहे का? आणि आता 'एलियन' लावला की मध्येच 'प्रोमिथियस' आठवतो, त्याचं काय करू?

उत्तर : राग चुकीचा नाही. फक्त तो नेमका कशावर आहे ते आपण पाहू या, कारण मला वाटतं तो 'उत्तर दिलं' यावर नाहीच. तो कसलं उत्तर दिलं यावर आहे.

आधी तो मूळ सीन. मी शिल्पकला शिकलेली बाई, त्यामुळे त्या खुर्चीकडे माझं लक्ष कथेच्या आधी घडणीसाठी जातं. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराची ती कल्पना. सुमारे 26 फुटी आकृती, आणि ती खुर्चीत बसली आहे की खुर्चीतूनच उगवली आहे, हे कळायला मार्ग नाही. फासळ्या कुठे संपतात आणि यंत्राच्या नळ्या कुठे सुरू होतात ती रेघच सापडत नाही. कलाकार ही रेघ मुद्दाम पुसतो तेव्हा पाहणाऱ्याचा डोळा त्या आकारावरून फिरतच राहतो, त्याला टेकायला जागा मिळत नाही. इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत हा सेट लागला. एका सीनसाठी एवढा खर्च करायला निर्मिती कंपनी तयार नव्हती. हा स्वस्तातला भयपट नाही हे प्रेक्षकाला एका नजरेत कळलं पाहिजे, असं सांगून स्कॉटच्या मंडळींनी तिला राजी केलं. तरी पैसे वाचवायला भिंत एकाच बाजूची बांधली आणि आकृती एका फिरत्या चकतीवर बसवली. कोन बदलायचा असला की चकती फिरवायची. गीगरने ते सगळं एअरब्रश घेऊन स्वतःच्या हाताने रंगवलं. माणसं अजून लहान दिसावीत म्हणून लांबच्या शॉटमध्ये मोठ्या नटांऐवजी मुलांना छोटे स्पेस सूट घालून उभं केलं, त्यात स्कॉटची स्वतःची मुलंही होती.

आता त्या सीनमध्ये घडतं काय? तिघं जण आत शिरतात, वर चढतात, बघतात. त्यांचा कप्तान डॅलस म्हणतो की हा मरून फार काळ लोटलाय, दगड झालाय याचा. मग त्याचा हात छातीपाशी जातो आणि तो म्हणतो की हाडं बाहेरच्या बाजूला वाकली आहेत, आतूनच काहीतरी फुटून आल्यासारखी. बस. तिघं पुढे जातात आणि पूर्ण चित्रपटात त्या जीवाचा विषय परत निघत नाही.

नीट पाहिलंत तर तो सीन आपल्याला एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो : हा कसा मेला. पुढे जेवणाच्या टेबलावर त्या तिघांतल्या केनची छाती फुटते, तेव्हा आपल्या डोक्यात ती वाकलेली हाडं खडकन जुळतात. म्हणजे 'एलियन'ने आपल्याला अर्धवट ठेवलेलं नाही. कथेला जेवढं हवं होतं तेवढं त्याने दिलंय. 'तो कोण' हे कथेला नकोच होतं. ते आपल्याला हवं होतं. आणि ते न मिळाल्यामुळेच एक भयंकर गोष्ट आपल्याला जाणवली : इथे कुणीतरी आपल्याहून कितीतरी मोठे, कितीतरी जुने राहत होते, त्यांच्यावर असलंच संकट येऊन गेलं, ते संपले, आणि या सगळ्यात माणसाचा कुठे संबंधच नाही. त्यांना आपली खबर नव्हती. आपण फक्त वाटेत सापडलो.

'प्रोमिथियस' नेमका इथे घाव घालतो. खुर्चीतल्या जीवाच्या तोंडावरची ती सोंड म्हणजे हेल्मेट निघालं. त्या फासळ्या म्हणजे सूट. आत पांढराफटक, धिप्पाड, पण आपल्यासारखाच माणूस, ज्याचा डीएनए आपल्याशी जुळतो. पहिल्याच सीनमध्ये असा एक जण धबधब्याच्या काठी काळं द्रव पिऊन स्वतःला विरघळवतो आणि पाण्यात जीवनाचं बी पडतं. आइसलंडमधला डेट्टीफॉस आहे तो, आणि सीन म्हणून अप्रतिम आहे, मी आजही तेवढ्यासाठी तो लावते. पण त्यातून निघणारा अर्थ असा, की ते आपले निर्माते. त्यांनीच आपल्याला घडवलं आणि मग त्यांनाच आपल्याला मारायचं होतं. सगळं विश्व फिरून आपल्यापाशी आलं! 26 फुटांचा तो परका जीव आकाराने तर लहान झालाच, नात्यानेही जवळ आला. तुमचा राग याच्यावर आहे, आणि तो माझाही आहे.

स्कॉटने हे आळसाने केलं असं मात्र म्हणू नका. पुढच्या एकाही भागाने त्या खुर्चीतल्या जीवाबद्दल विचारलं नाही, याचं आपल्याला नवल वाटायचं, असं त्याने मुलाखतींतून सांगितलंय. म्हणजे तुमच्यासारखाच त्याच्याही डोक्यात तो जीव बसून होता. जॉन स्पाइट्सची पहिली पटकथा 'एलियन'ला थेट जोडणारी होती. नंतर दुसरा लेखक डेमन लिंडेलॉफ आला आणि कथा माणसाचे निर्माते, श्रद्धा, सृष्टीचा उगम अशा मोठ्या प्रश्नांकडे वळली. मला ही ओढाताण पडद्यावर दिसते. एक चित्रपट खुर्चीकडे खेचतो, दुसरा खुर्चीपासून लांब पळू बघतो.

आता 'एलियन' लावल्यावर काय करायचं? यावर माझ्याकडे ठोस उपाय आहे आणि तो 'प्रोमिथियस'नेच दिलाय. 'प्रोमिथियस' घडतो तो उपग्रह एलव्ही-223. 'एलियन'मधलं यान सापडतं ती जागा एलव्ही-426. 'प्रोमिथियस'मधला तो निर्माता खुर्चीत बसतो खरा, पण यान कोसळल्यावर उठून चालत बाहेर येतो आणि मरतो तो दुसरीकडेच, मोहिमेची सूत्रं सांभाळणाऱ्या व्हिकर्सच्या जीवरक्षक यानात. म्हणजे प्रीक्वेलच्या स्वतःच्या हिशोबाने खुर्चीतला तुमचा तो हा नव्हेच. शिवाय 'प्रोमिथियस'ची कथा 2093 मधली, 'एलियन'ची 2122 मधली. डॅलसच्या तोंडचं ते 'दगड झालेला' या तेवढ्या वर्षांत बसतच नाही. तो त्याहून कितीतरी आधीचा आहे. कोण ते अजूनही कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या वह्या रद्दीत टाकायचं कारण नाही.

प्रश्न : ताई, मी नुकताच कॉलेजात गेलोय. 'प्रोमिथियस' मला खूप आवडला, पण कुणाला सांगितलं की लगेच सुरू : 'त्यातले शास्त्रज्ञ बिनडोक आहेत, परग्रहावर हेल्मेट काढतात, सापाला हात लावतात.' मी काय उत्तर देऊ?

उत्तर : आवडला तर आवडला म्हणून ठणकावून सांग, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आरोपांचं मात्र एकेक करून बघ, कारण सगळे सारखे नाहीत.

हेल्मेटचा आरोप मला फारसा पटत नाही. निर्मात्यांच्या शोधात निघालेला शास्त्रज्ञ हॉलोवे हा पहिल्यापासून उतावळा आहे, त्याला देवाची भेट घ्यायची आहे. त्या घुमटात हवा श्वास घेण्याजोगी आहे हे यंत्र दाखवतं, आणि तो सगळ्यांचा विरोध डावलून हेल्मेट काढतो. माणूस तसा आहे म्हणून तसं वागतो. सापाचं मात्र खरंच जमलेलं नाही. मिलबर्न हा जीवशास्त्रज्ञ. आदल्याच सीनमध्ये तो एका मेलेल्या देहाला घाबरून मागे पळतो आणि नंतर फणा काढलेल्या जिवंत प्राण्याला चुचकारतो. तसंच भूगर्भशास्त्रज्ञ फायफील्डचं. उडते गोळे सोडून सगळ्या भुयारांचा नकाशा काढणारा माणूस तोच, आणि वाट चुकणाराही तोच. इथे पटकथेला त्यांना तिथे अडकवायचं होतं, म्हणून ते अडकले. यावर तुझे मित्र बरोबर आहेत, मान्य करून टाक.

पण त्यांना एक गोष्ट विचार. 'एलियन'मध्ये केन त्या उघडणाऱ्या अंड्यावर वाकून बघतोच ना? मग तिथे कुणी ओरडत का नाही? कारण तिथे रिप्ली ही यानावरची अधिकारी आहे. केनला घेऊन बाकीचे परततात तेव्हा ती दार उघडायला नकार देते, संसर्गाचा नियम सांगते, आणि यानावरचा विज्ञान अधिकारी अ‍ॅश तो नियम मोडून दार उघडतो. चूक कुणाची, का झाली, हे आपल्याला तिथल्या तिथे कळतं. 'प्रोमिथियस'मध्ये हेच काम कोण करतं, आठवतंय? व्हिकर्स. आजारी हॉलोवेला ती यानात येऊ देत नाही, ज्वाळांची बंदूक घेऊन दारात उभी राहते, आणि तो स्वतःच पुढे आल्यावर त्याला जाळते. रिप्लीला जे करायचं होतं ते व्हिकर्स करून दाखवते. पण चित्रपट तिला थंड काळजाची बाई ठरवून बाजूला ठेवतो. मला विचारशील तर या चित्रपटातला सगळ्यात मोठा अन्याय हाच. शार्लिझ थेरॉनसारखी अभिनेत्री हाताशी असताना तिच्यावर थोडा वेळ द्यायला हवा होता.

आणि तुझ्या बाजूने भक्कम पुरावा हवा असेल तर हॉलोवेची जोडीदार शास्त्रज्ञ एलिझाबेथ शॉ हिचा शस्त्रक्रियेचा सीन दाखव. तिच्या पोटात परका जीव वाढतोय आणि शस्त्रक्रिया करणारं यंत्र पुरुषाच्याच शरीरासाठी बसवलेलं आहे. हवी ती शस्त्रक्रिया ते नाकारतं, तेव्हा ती पोटात परकी वस्तू अडकल्याचं सांगून त्याच्याकडून काम करून घेते. शुद्धीत राहून. शॉ झालेल्या नूमी रापासचा चेहरा, काचेचं झाकण, टाके मारणाऱ्या पिनांचा तो आवाज. जी बाई इतक्या वेदनेत इतका झटपट विचार करते तिला बिनडोक कोण म्हणेल?

प्रश्न : डेव्हिड खलनायक आहे का? आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर : हा प्रश्न मला मिळाला याचं बरं वाटलं, कारण 'प्रोमिथियस' मी का जपून ठेवलाय त्याचं उत्तर यात आहे.

मायकल फासबेंडरचा हा यंत्रमानव. प्रवास दोन वर्षांचा, माणसं सगळी झोपवलेली, जागा एकटा हा. सायकल चालवत चालवत बास्केटबॉल टाकतो, प्राचीन भाषा शिकतो, झोपलेल्या शॉची स्वप्नं बघतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पुन्हा पुन्हा लावतो आणि त्यातल्या पीटर ओटूलसारखे केस रंगवून, भांग पाडून, आरशासमोर त्याच्या ढबीत त्याची वाक्यं म्हणून पाहतो. एक शब्द कथेचा पुढे सरकत नाही आणि तरी मला वाटतं चित्रपटातली सगळ्यात समृद्ध मिनिटं हीच. कुणी बघत नसताना तो माणूस व्हायचा सराव करतोय. त्याला ते करायला कुणी सांगितलेलं नाही.

मग तो बिलियर्डच्या टेबलापाशी घडणारा प्रसंग. हॉलोवे दारू पिऊन निराश बसलाय, निर्माते मेलेलेच सापडले म्हणून. डेव्हिड विचारतो, तुम्हाला त्यांच्याकडून काय हवं होतं? आम्हाला का घडवलं, हे विचारायचं होतं, हॉलोवे म्हणतो. यावर डेव्हिडचा प्रश्न : मग तुम्ही मला का घडवलंत? जमलं म्हणून, हा हॉलोवेचा जबाब, सहज, चेष्टेत. डेव्हिड अगदी सौम्यपणे सांगतो की हेच उत्तर तुमच्या निर्मात्याकडून आलं तर तुम्हाला केवढं वाईट वाटेल, कल्पना करा. आणि मग बोटाच्या टोकावरचा काळा ठिपका त्याच्या पेल्यात बुडवतो.

तो ठिपका पेल्यात पडतो म्हणून तो खलनायक, असं एक तट म्हणत असेल. दुसरं तट म्हणेल की त्याच्या मालकाने, वेलंडने, 'अजून जोर लाव' असं बजावलं होतं. दोन्ही खरं. पण हॉलोवेचं उत्तर त्याने ऐकून घेतलं आणि मगच हात पुढे केला, हे विसरू नका. त्याआधी तो विचारतोसुद्धा की उत्तरं मिळवायला तुम्ही कुठवर जाल. हॉलोवे म्हणतो, काहीही करीन. डेव्हिडला राग येतो असं कुणी दाखवत नाही. फासबेंडर चेहऱ्यावर एक रेषाही हलू देत नाही. तरी मला तिथे दुखावलेलं कुणीतरी दिसतं. मी तुमच्या घरात असते तर त्याच्या बाजूच्या तटात बसले असते, 2017 सालच्या पुढच्या भागापर्यंत, 'एलियन : कव्हेनंट'पर्यंत. तिथे तो जे करतो त्यानंतर बाजू घेणं अवघड होतं.

खुर्चीतला तो कोण, हा प्रश्न 'प्रोमिथियस'ला वारशाने मिळाला होता. घडवलेल्याने घडवणाऱ्याकडे कसं बघावं, हा त्याचा स्वतःचा प्रश्न. उसन्या प्रश्नात तो अडखळतो आणि स्वतःच्या प्रश्नात उजळतो. एक छोटी गोष्ट सांगते. चित्रपटाआधी प्रसिद्धीसाठी एक फीत आली होती, त्यात तरुण वेलंड 2023 सालच्या एका व्यासपीठावरून भाषण ठोकतो. ती दिग्दर्शित केली ल्यूक स्कॉटने, म्हणजे रिडलीच्या धाकट्या मुलाने, जो लहानपणी 'एलियन'च्या सेटवर छोटा स्पेस सूट घालून वावरला होता. घडवणारे आणि घडवलेले, यावरच्या चित्रपटात ही बापलेकांची जोडी आहे हे मला फार आवडतं.

प्रश्न : मग प्रीक्वेल काढूच नयेत का?

उत्तर : का नाही? 'रोग वन' बघा, 2016 सालचा, गॅरेथ एडवर्ड्सचा. 1977 च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात एवढंच येतं की बंडखोर हेरांनी डेथ स्टारचे आराखडे पळवले. ते कोण, त्यांचं काय झालं, काही नाही. शिवाय एवढं अजस्र शस्त्र दोन मीटरच्या एका भोकातून कसं उडतं, यावर चाहते वर्षानुवर्षं वाद घालत होते. 'रोग वन'ने सांगितलं की तो दोष घडवणाऱ्यानेच, गेलन अर्सोने, जाणूनबुजून ठेवला होता. आणि आराखडे आणणारी ती माणसं, त्याची मुलगी जिनसुद्धा, एकेक करून मेली. उत्तर इथेही मिळालं. पण आता जुना चित्रपट लावला की त्या सरकत्या मजकुरापाशी माझा घसा दाटतो.

प्रीक्वेल पाहून झाल्यावर मी हेच तपासते : मूळ चित्रपटातली ती जागा आता जड झाली की हलकी? 'रोग वन'ने एक साधी ओळ जड केली. 'प्रोमिथियस'ने एक जड खुर्ची हलकी केली. 'कव्हेनंट'ने तर पुढे जाऊन 'एलियन'मधला छाती फोडून येणारा तो प्राणीही डेव्हिडच्याच हातून घडल्याचं सुचवलं, आणि अंधारातून आलेली ती भीती एका प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून ठेवली. ते मला मुळीच रुचलं नाही.

प्रश्न : यांपैकी काहीच पाहिलेलं नाही. कथेतल्या वर्षांप्रमाणे 'प्रोमिथियस' (2093), 'कव्हेनंट' (2104), मग 'एलियन' (2122) असं बघू का?

उत्तर : नको. 1979 चा 'एलियन' आधी, रात्री, दिवे घालवून, मध्ये न थांबवता. मग 1986 चा जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स'. त्यानंतर थोडे दिवस जाऊ द्या, खुर्चीतल्या त्या जीवाबद्दल तुमचं तुम्हाला काहीतरी सुचू द्या, आणि मग 'प्रोमिथियस' लावा. त्यात वेलंडची होलोग्राम आकृती बोलायला लागते तेव्हा कान देऊन ऐका : जेरी गोल्डस्मिथची 'एलियन'ची जुनी धून मागे हळूच वाजते. मूळ चित्रपट आधी पाहिला असेल तरच ती ओळखू येईल.